मक्याच्या भुट्ट्यात दाणे का भरत नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे: गच्चीवर कठड्यालगत एका ओळीत मक्याची पाच-सहा रोपं लावली, झाडं पुरुषभर वाढली, भुट्टेही चांगले लांब आले, पण सोलल्यावर दाणे इथे चार तिथे सहा, बाकी नुसता दांडा. खत कमी पडलं का? आणि मक्याला फूल कधी दिसलंच नाही, मग दाणा येतो कुठून?

खताचा दोष नाही. झाड एवढं वाढलं आणि भुट्टा पूर्ण लांबीचा झाला, म्हणजे खायला-प्यायला नीट मिळालं होतं. कमी पडले ते पराग. फुलं तर तुमच्या डोळ्यांसमोरच होती. शेंड्यावर येतो तो तुरा म्हणजे नरफुलांचा झुबका, आणि पानाच्या बगलेत, सालांच्या आत ओळीने बसलेली असतात ती मादीफुलं. रंग नाही, वास नाही, पाकळ्या नाहीत, कारण मक्याला मधमाशीला बोलवायचंच नसतं. त्याचं सगळं काम वाऱ्यावर चालतं.

आता भुट्ट्याच्या केसांकडे वळू या. सोलताना आपण वैतागून काढून टाकतो तो प्रत्येक केस म्हणजे एका मादीफुलाची लांबलेली कुक्षी (पराग झेलणारा भाग) आणि कुक्षिवृंत (तिचा दांडा). एक केस, एक बीजांड, एक दाणा. जो केस परागाशिवाय राहिला, त्याच्या तळाशी जागा रिकामी. तुमच्या भुट्ट्यावर जेवढे दाणे आहेत तेवढ्याच केसांना पराग मिळाला, असा सरळ हिशेब आहे.

इंदुरात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि हा भाग आला की माझा तास हमखास लांबतो. परागकण असतो साधारण एक दशांश मिलिमीटरचा. तो केसावरच्या बारीक लवेला चिकटतो, आणि काही मिनिटांतच त्यातून एक नलिका फुटते. ती केसाच्या आत शिरते आणि वीतभर किंवा त्याहूनही लांब वाट कापून साधारण एका दिवसात बीजांडापर्यंत पोचते. तिच्यातून दोन नरपेशी आत उतरतात. एक अंडपेशीशी मिळते, त्यातून भ्रूण होतो, म्हणजे उद्याचं रोप. दुसरीचं काय होतं? ती शेजारच्या दोन ध्रुवीय केंद्रकांशी, म्हणजे बीजांडातल्याच आईकडच्या दोन केंद्रकांशी, मिळते आणि त्यातून भ्रूणपोष तयार होतो, भ्रूणाची शिदोरी. याला द्विफलन म्हणतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये लिलीच्या कुळातल्या फुलांत ते पहिल्यांदा दाखवलं. सपुष्प वनस्पतींची ही खास ओळख आहे.

आपलं पोट भरतं ते मुख्यतः या दुसऱ्या मीलनावर. तांदळाचा पांढरा दाणा, गव्हाचा रवा-मैदा, नारळाचं पाणी आणि खोबरं, हे सगळं भ्रूणपोषच. आमच्याकडे पावसाळ्याच्या उत्तरार्धात घरोघरी भुट्ट्याचा कीस होतो, सराफ्यातल्या खाऊगल्लीतही रात्री गरमागरम मिळतो. कोवळा दाणा नखाने दाबला की दूध येतं आणि किसणीवर तेच दूध ओघळतं, तेही भ्रूणपोषच. किसाची सगळी चव त्या दुसऱ्या नरपेशीच्या वाट्याची आहे, असं म्हटलं तरी चालेल.

हे मीलन डोळ्यांनी बघायचं असेल तर मका हेच झाड. किसासाठी देशी पांढरा भुट्टा लावला आणि शेजारच्या शेतात पिवळा मका असला, तर त्याच हंगामात पांढऱ्या भुट्ट्यात मधेमधे पिवळे दाणे दिसतात. लोकांना वाटतं बियाणं भेसळीचं होतं. तसं नसतं. त्या-त्या केसावर शेजारच्या मक्याचा पराग पडला आणि भ्रूणपोषात बापाचा वाटा असल्याने रंग लगेच उतरला. नीट पाहिलंत तर हे दाणे शेजारच्या मक्यापेक्षा फिके असतात. भ्रूणपोषात आईकडून दोन वाटे येतात, बापाकडून एकच, त्यामुळे पिवळेपणाचा डोस एकच पडतो. दाण्याचं पातळ साल मात्र, जे दातांत अडकतं, ते अंडाशयाच्या भिंतीचं, म्हणजे पूर्ण आईचं. त्यावर परागाचा काहीही असर होत नाही.

आता तुमच्या गच्चीकडे. एका ओळीत लावलेल्या मक्याचे पराग वारा कठड्यापलीकडे घेऊन जातो. शिवाय बहुधा झाडाचा तुरा आधी पराग सांडू लागतो, त्याच झाडाचे केस थोडे मागून निघतात, म्हणून एकाला दुसऱ्याचा शेजार लागतो. आमच्या माळव्यात जिकडेतिकडे दिसतं त्या सोयाबीनचं उलट आहे. त्याच्या फुलात परागण उमलण्याआधीच आतल्या आत उरकतं, त्यामुळे कुंडीत एकटं रोप असलं तरी शेंगा धरतात. मक्याच्या कुंड्या ओळीत न ठेवता चौकोनात, एकमेकींना खेटून ठेवा. तुरा येण्याच्या सुमारास पाण्याचा ताण तर अजिबात नको. ताण पडला की केस उशिरा निघतात आणि तोवर तुऱ्यातले पराग संपून जातात.

हाताने परागण करणंही अवघड नाही. सकाळी दव वाळलं की तुऱ्याखाली कागद धरून हलकेच टिचकी मारा. पिवळी भुकटी पडेल, ती लगेच ताज्या केसांवर भुरभुरा, कारण उन्हात पराग फार वेळ टिकत नाहीत. एकदा करून थांबू नका, काही सकाळी करत राहा. बुडाजवळच्या दाण्यांचे केस आधी बाहेर येतात, टोकाकडचे शेवटी. बहुतेक भुट्ट्यांचं टोक बोडकं राहतं ते बरेचदा याच कारणाने. पाऊस लागून राहिला तर त्या दिवशी सोडा, ओले परागकोश, म्हणजे तुऱ्यातल्या परागाच्या पिशव्या, उघडत नाहीत.

काम झालं की नाही ते ओळखायला दोन खुणा आहेत. पराग न मिळालेले केस काही दिवस ताजे, फिकट हिरवे राहतात आणि लांबतच जातात. मिळालेले लवकर तपकिरी होऊन सुकतात. पक्की खात्री हवी असेल तर परागणानंतर चारेक दिवसांनी एक भुट्टा खर्ची घाला. सालांना सुरीने उभी चीर द्या, केसांना धक्का न लावता सालं बाजूला करा आणि भुट्टा देठाशी धरून हलवा. फलन झालेल्या बीजांडांचे केस बुडापासून सुटून गळतील, न झालेल्यांचे चिकटून राहतील. चिकटलेले केस बहुतेक टोकाकडेच दिसले तर उरलेल्या भुट्ट्यांवर आणखी दोन-तीन सकाळी भुकटी टाका. केस ताजे असेपर्यंत वेळ गेलेली नसते.