फ्रीलान्स डिझाईन करताना क्लायंटच्या फायली नीट कशा ठेवायच्या?

मी आठ वर्षं पत्रिका, फ्लेक्स, पॅकेजिंग असलं करतोय, आणि 'फायनल', 'फायनल२', 'एकदम फायनल' या नावांनी जाम मार खाल्लाय, एकदा तर जुना मोबाईल नंबर असलेला फ्लेक्स छापून आला न् पैसे माझ्या खिशातून गेले.

आता प्रत्येक क्लायंटचा एक फोल्डर, त्यात कामाचा फोल्डर, त्याचं नाव तारखेनं सुरू, पण वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे नावाने सॉर्ट केलं की आपोआप क्रम लागतो. आत चारच: आलेलं, चालू, प्रिंटला गेलेलं, बिल. फायलीला व्हर्जनचा नंबर, व्ही०१, व्ही०२. शून्य लावाच, नाहीतर १० हा २ च्या आधी येऊन बसतो कधीकधी.

मराठी काम असेल तर फॉन्ट पण त्याच फोल्डरात टाका. श्रीलिपीचा (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. म्हणून प्रेसला कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकलेली, कॉपी द्यायची, स्वतःकडे एडिट होणारी वेगळी ठेवायची, आणि कोरलची (कोरलड्रॉ, डिझाईनचं सॉफ्टवेअर) फाईल प्रेसवाल्याच्या जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून (आमच्याकडे अजून एक्स३ वाले आहेत, काय करणार).

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला लोगो त्याच दिवशी 'आलेलं'मध्ये, नंतर तो सापडत नाही.