जपानी लोकांच्या जीन्सची यादी करण्यात कसलं करिअर?

नमस्कार ताई, मुलगी बीएस्सी बायोटेकच्या सेकंड इयरला आहे, तिच्या डोक्यात जपानला जाऊन जीनोमवर (म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएवर) काम करायचंय, आणि तुमचा प्रश्न असा की "जपान्यांच्या जीन्समधले फरक लिहून ठेवायचे, ह्यात पोट भरतं का?" प्रश्न रास्त आहे.

आधी हे काम कशाला लागतं ते बघा. हार्टमध्ये स्टेंट टाकल्यावर क्लोपिडोग्रेल देतात ना, ती गोळी लिव्हरमधल्या एका एन्झाइममुळे चालू होते, आणि त्याच्या जीनमधल्या फरकामुळे जपानमध्ये पाच-सहा माणसांत एकाला ती नीट लागूच पडत नाही, युरोपियन लोकांत हेच प्रमाण शंभरात दोन-तीन, म्हणजे युरोपचा डेटा बघून जपानमध्ये औषध दिलं तर घोळच. म्हणून तिथे स्वतःची यादी बनते. 2011 च्या त्सुनामीनंतर सेंदाईच्या तोहोकू युनिव्हर्सिटीत 2012 मध्ये मेडिकल मेगाबँक सुरू झाली, मियागी आणि इवाते भागातल्या दीड लाख लोकांनी रक्त आणि तब्येतीची माहिती दिली, काही घरांत तर आजी, आई, बाळ तिघंही. 2015 ला 1070 जणांचे पूर्ण जीनोम छापून आले, आता आकडा कितीतरी हजारांत गेलाय. कुठला फरक किती जणांत आहे हे जेमॉर्प (jMorp) नावाच्या साइटवर फुकट दिसतं, मुलीला आजच उघडू दे.

आता खरं सांगतो, ह्यात पांढरा कोट कमी आणि लॅपटॉप जास्त. लिनक्स, पायथन आणि आर (R) ह्या कोडिंगच्या भाषा आणि मुख्य म्हणजे स्टॅटिस्टिक्स. तिला गणिताचा कंटाळा असेल तर जपान राहू द्या, हे फील्डच नको.

घाई करून एजंटमार्फत लँग्वेज स्कूलला पाठवू नका, उगाच पैसे जातील. इथे एमएस्सी बायोइन्फॉर्मेटिक्स (बायोलॉजीचा डेटा कॉम्प्युटरवर तपासायचं शास्त्र) करू दे, सोबत जपानी (पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला शिकवतात), मग मेक्स्ट ही जपान सरकारची स्कॉलरशिप, त्यात फी माफ आणि महिन्याला स्टायपेंड, पण प्रोफेसरला आधीपासून मेल करत राहावं लागतं. पीएचडीशिवाय फार वर जाता येत नाही आणि रिसर्चमधल्या पुष्कळ नोकऱ्या काँट्रॅक्टवर असतात, हेही धरून चाला. जपान नाही जमलं तरी शिकलेलं वाया जात नाही, आपल्याकडे जीनोम इंडिया प्रोजेक्टमध्ये दहा हजार भारतीयांचे जीनोम झालेत, तिथेही हेच स्किल लागतं.

ह्या सुट्टीत तिला पायथन शिकू दे आणि जेमॉर्पवर तो क्लोपिडोग्रेलचा जीन (सीवायपी टू सी नाइन्टीन, CYP2C19) स्वतः शोधू दे. चार दिवसांत वैतागली तर मला परत लिहा, जेनेटिक काउन्सेलिंगचं बघू, त्यात कोडिंग फारसं नाही, पेशंटशी बोलणं जास्त.