पडल्यापासून उठेपर्यंत

प्रिय लेकी,

तुझा निरोप मिळाला. "सर, माझी पकड चांगली आहे, तर मी बचावावरच भर देऊ का? आक्रमण बाकीच्या बघतील." फोनवर सांगून हे नीट पोहोचलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तू कबड्डीतून रग्बीत आलीस, तेव्हा असं वाटणं साहजिक आहे. कबड्डीत ३० सेकंदांची चढाई संपली की पाळी बदलते. आता चढाई, आता पकड, सगळं कसं स्पष्ट. रग्बीत पाळी हा प्रकारच नाही. चेंडू सुटला त्या क्षणी तू बचावात असतेस, आणि खेळ चालू असेल तर ते सांगायला शिट्टीही वाजत नाही.

परवाचा सामना आठव. उजव्या कडेने काय सुरेख धावलीस! दोघींना चकवलंस, तिसरीने घोटे धरून पाडलं, चेंडू त्यांच्या हाती गेला. तू उठलीस, कमरेवर हात ठेवलेस आणि आपल्या बाकाकडे बघितलंस. फार तर चार सेकंद. तेवढ्यात त्यांची मुलगी नेमकी तुझ्या मोकळ्या जागेतून निघून गेली. ट्राय झाल्यावर, म्हणजे तिने चेंडू आपल्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण घेतल्यावर, सगळ्या जणी शेवटचा टॅकल (धरून पाडणं) हुकलेल्या मुलीकडे बघत होत्या. त्या पोरीचा काय दोष? तिच्यावर दोघी धावून आल्या होत्या.

तुझ्यावर मी रागावलेलो नाही. तुझ्या वयाचा असताना एका उपांत्य सामन्यात मी लांब किक मारली आणि ती कशी पडते ते बघत उभा राहिलो. समोरच्याने चेंडू झेलला आणि माझ्याच बाजूने पळत येऊन ट्राय केला. आम्ही हरलो. ती किक मला अजून आठवते.

आता आपल्या सेव्हन्सचा, म्हणजे सात जणींच्या रग्बीचा, हिशेब बघ. खेळाडू सात, पण मैदान पंधरा जणांचंच, रुंदी सुमारे ७० मीटर. एक जण मागे राखणीला, एक रकमध्ये (जमिनीवरच्या चेंडूसाठीच्या रेटारेटीत) अडकलेली. उरल्या पाच, म्हणजे प्रत्येकीला १४ मीटर. तू जागेवर नसलीस की चौघींवर प्रत्येकी साडेसतरा मीटर पडतात. एवढी जागा भल्याभल्यांना झाकता येत नाही.

१४ ऑक्टोबर २०२३ चा न्यूझीलंड-आयर्लंड सामना शोधून बघ. पंधरा जणांच्या रग्बी विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, पॅरिसला. आयर्लंड सलग १७ सामने जिंकून आलेला. शेवटच्या मिनिटांत न्यूझीलंड २८-२४ ने पुढे. पेनल्टीचे तीन गुण आयर्लंडला पुरणार नव्हते, ट्रायच हवा होता. त्यांनी तब्बल ३७ फेजेस (एका टॅकलपासून पुढच्या टॅकलपर्यंतचा खेळ म्हणजे एक फेज) चेंडू हातात ठेवला, पाच मिनिटांहून जास्त वेळ. शेवटी दोनच दिवसांपूर्वी पस्तिशी गाठलेल्या न्यूझीलंडच्या सॅम व्हाइटलॉकने ब्रेकडाऊनवर, म्हणजे टॅकलनंतरच्या चेंडूच्या झुंजीत, पेनल्टी मिळवली आणि सामना संपला.

एकदा मजेसाठी बघ. दुसऱ्यांदा बघताना चेंडूवरून नजर काढ. टॅकल करून खाली पडलेला न्यूझीलंडचा काळ्या जर्सीवाला धर आणि तो पुन्हा ओळीत कधी येतो तेवढंच बघ. लोटांगण घालून पडलेला माणूस हाताने जमीन ढकलून उठतो, रकच्या मागे वळसा घालतो, ऑफसाइड न होता जागा घेतो. ते पुन्हापुन्हा, एकही पेनल्टी न देता. पण त्याआधी त्याच संघाने तीन ट्राय केले होते, हेही विसरू नकोस. तिसरा तर रिची मोउंगाने बचाव फोडून विल जॉर्डनला दिलेल्या चेंडूवर आला. ते गुण नसते, तर त्या ३७ फेजेस अडवून काय राखायचं होतं?

त्याच स्पर्धेची अंतिम लढत तू बघितली असशील. दक्षिण आफ्रिका १२-११. विजेत्यांचा एकही ट्राय नाही, हान्द्रे पोलार्डच्या चार पेनल्टी, पीटर-स्टेफ दू टॉइटचे २८ टॅकल. पोरं तो सामना बघून येतात आणि म्हणतात, बचावच जिंकून देतो. मी ज्युनियर्सना तो धडा म्हणून दाखवत नाही. न्यूझीलंडचा कर्णधार पूर्वार्धातच रेड कार्डवर बाहेर गेला होता, तो सामना वेगळाच होता. दक्षिण आफ्रिकेने २०१९ ची अंतिम लढत ३२-१२ ने जिंकली तेव्हा मापिंपी आणि कोल्बी या दोघांनी कडेने ट्राय केले होते, ते आधी बघ.

तुझी पकड उत्तम आहे, ती तशीच राहू दे. पण टॅकल झाल्यावर समोरचीला लगेच सोड आणि उठ. कबड्डीतली सवय म्हणून तू धरून ठेवतेस. इथे त्याची पेनल्टी बसते. आणि तू आधी उठलीस तर चेंडूवर पहिला हात तुझा पडू शकतो. तिथून तुझं आक्रमण सुरू होतं, त्यांची ओळ विस्कटलेली असतानाच.

रविवारी साडेसहाला ये, बाकीच्यांच्या अर्धा तास आधी. गुडघ्यांना पट्टी बांधून ये, कारण चेंडू घेणार नाहीये आपण. पडायचं, उठायचं, ओळीत यायचं. मी घड्याळ लावून उभा राहीन.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
सर