वर्षश्राद्धाला सासऱ्यांबद्दल चार शब्द बोलायचे आहेत, काय बोलू?

तुम्ही लिहिलंय की सासरे ‘कष्टाळू, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल’ होते आणि याच्यापुढं काही सुचत नाही. आमचे आप्पा गेले तेव्हा हेच तीन शब्द चौकातल्या फ्लेक्सवर होते. आई ते वाचून म्हणाली, ‘‘कुटुंबवत्सल म्हणे! 34 वर्षांत किती दिवाळ्या घरात काढल्या ते विचारा.’’

आप्पा एसटीत कंडक्टर, पाटण डेपोला. 1979 ला लागले आणि 58 पुरी झाल्यावर 2013 ला निवृत्त झाले. दिवाळीला जादा गाड्या, आषाढीला पंढरपूर, आणि एरवी महिन्यातल्या निम्म्या रात्री मुक्कामाची गाडी. ही गाडी संध्याकाळी पाटणहून सुटायची, कोयनेच्या खोऱ्यात वरच्या एखाद्या गावात रात्र काढायची आणि पहाटे शाळेची पोरं नि दुधाच्या किटल्या घेऊन खाली यायची. पावसाळ्यात तिकडं कपडे वाळायची सोय नाही. आप्पांची खाकी आई चुलीच्या वर बांधलेल्या वलणीवर टाकायची, त्यामुळं त्यांच्या ड्रेसला जून ते सप्टेंबर धुराचा वास.

माणसांचं मात्र वेड. औषधाची चिठ्ठी, लग्नाच्या पत्रिका, शेरडाच्या सौद्याचा निरोप, सगळं त्यांच्यामार्फत वर-खाली जायचं. तिकीट फाडताना पहिलं वाक्य, ‘‘घरातली समदी बरी हायती न्हवं?’’ 1967 च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते 12 वर्षांचे होते. पहाटे घराची भिंत बसली, पुढं काही महिने पत्र्याच्या शेडीत काढले. ही चौकशीची सवय तेव्हापासूनची, असं आत्या सांगते. मला वाटतं, त्यांना मुळात गप्पाच आवडायच्या.

माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा ते ड्युटीवर होते. मी डेपोत फोन करून कळवलं. त्यांनी ते अख्ख्या गाडीला सांगितलं, मग मुक्कामाच्या गावाला. मी घरी फुगून बसलेली, की आजच्या दिवशी तरी यायचं होतं. सकाळी आले ते दोन फणस, पायलीभर नाचणी आणि पाय बांधलेला एक जिवंत कोंबडा घेऊन. म्हणाले, ‘‘गावानं दिलंय तुला.’’ कोंबडा आईनं संध्याकाळच्या गाडीनं परत धाडला.

ते गेल्यावर ट्रंकेत एक वही सापडली. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटामागं बाकी लिहून देतो, हे तुम्हाला माहीत असेलच. पुष्कळ जण उतरताना विसरतात. आप्पांनी अशा विसरलेल्यांची वही ठेवली होती, शंभर पानी, कव्हर गेलेलं. नावं ठाऊक नसायची, म्हणून खुणा: ‘कोंबडीवाली म्हातारी, हेळवाक, 1.50’. ‘नवी नवरी, दादल्याशी भांडण चालू, 3 रु.’ ‘लाल मफलर, खोकला, 2 रु.’ माणूस पुन्हा गाडीत दिसला की पैसे त्याच्या हातावर आणि नोंदीवर काट. जास्तीची रक्कम ते कॅशबरोबर डेपोत भरून टाकायचे, म्हणजे हे परत द्यायचे पैसे जायचे स्वतःच्या खिशातून. आईला हे माहीत होतं आणि यावरून घरात कटकटही झालेली आहे.

तेव्हा, सासऱ्यांची पेटी उघडा, खिसे बघा, त्यांच्याबरोबर कामाला असलेल्या एक-दोघांना चहाला बोलवा. सासूबाईंची तक्रार काय होती तेही विचारा. तक्रारीतून माणूस जास्त कळतो, फ्लेक्सवाल्याला ती कुणी सांगत नाही एवढंच.

वर्षश्राद्धाला मी भाषण केलंच नाही. वहीतली दोन पानं वाचली. लोक हसायला लागले, मी घाबरले, पण आईही हसत होती म्हणून पुढं वाचत गेले. लाल मफलरवर आले तसे मागून एक आजोबा उठले. ‘‘त्यो मीच की! खोकला अजून हाय.’’

नोंदीवर काट नव्हती. आईनं कनवटीचे दोन रुपये काढून त्यांच्यापुढं धरले. आजोबांनी नको-नको केलं नाही, घेतले आणि खिशात टाकले. मग आईनं माझ्याकडून पेन मागून घेतलं.