अपडेटनंतर रिमोट डेस्कटॉप आत घेत नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या कर सल्लागार कार्यालयात विंडोज ११ प्रोचे बारा संगणक आहेत, सगळे एकाच विक्रेत्याकडून एकदम घेतलेले. टॅली असलेल्या मुख्य संगणकावर गरज पडेल तसा एकेक जण रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपल्या संगणकावरून त्याचा पडदा चालवून, जातो. अपडेट बसल्यापासून पासवर्ड बरोबर असूनही ‘क्रेडेन्शियल्स चालले नाहीत’ असे येते. शेअर केलेले फोल्डरही उघडत नाही. घरच्या लॅपटॉपवरून मात्र जोडणी होते. अपडेट काढून टाकावे का? (सांगली)

उत्तर : घरच्या लॅपटॉपचा उल्लेख केलात ते बरे झाले. तो आत जातो, म्हणजे मुख्य संगणकाची सेवा चालू आहे, रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे पोर्ट (जोडणीचे दार) उघडे आहे आणि पासवर्डही बरोबर आहे. अडतात ती फक्त एकत्र आलेली यंत्रे. विक्रेत्याने एका संगणकावर विंडोज बसवून त्याच डिस्कची नक्कल बाकी अकरांवर उतरवली असावी. मग बाराही संगणकांचा सुरक्षा ओळखक्रमांक, म्हणजे एसआयडी, एकच राहतो. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटांमध्ये मायक्रोसॉफ्टने याची तपासणी कडक केली. विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ आवृत्त्या आणि सर्व्हर २०२५ यांना ती लागू आहे. समोरच्या यंत्राचा एसआयडी आपल्यासारखाच निघाला की केर्बेरॉस आणि एनटीएलएम या दोन्ही पद्धती ओळख पटवायला नकार देतात. फोल्डरही त्याचमुळे बंद.

खात्री करून घ्या. मुख्य संगणकावर इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधल्या ‘सिस्टम’मध्ये ६१६७ क्रमांकाची नोंद शोधा. ‘मशीन आयडी’त अंशतः तफावत आहे, असा तिचा मजकूर असतो. मग दोन संगणकांवर स्थानिक खात्याने आत जाऊन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘हूअ‍ॅमआय /यूझर’ हा आदेश इंग्रजी अक्षरांत द्या. ‘एस-१-५-२१’ नंतर तीन मोठे आकडे येतात, ते यंत्राचे. शेवटचा लहान आकडा, उदाहरणार्थ १००१, खात्याचा. तो सोडून द्या. तीन मोठे आकडे दोन्हीकडे तेच असतील तर निदान पक्के.

अपडेट काढल्याने दार तात्पुरते उघडेल, पण पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये हीच तपासणी पुन्हा येईल, आणि तोवर सुरक्षेच्या बाकी दुरुस्त्याही गेलेल्या असतील. एसआयडी बदलून देणाऱ्या फुकट साधनांच्याही नादी लागू नका. अशा कामाचे ‘न्यूएसआयडी’ हे साधन मायक्रोसॉफ्टने स्वतःच २००९ मध्ये मागे घेतले. तेव्हाचे म्हणणे असे, की यंत्रांचे एसआयडी सारखे असले तरी बिघडत नाही. विक्रेते निर्धास्त झाले त्यात नवल नाही, पण नक्कल करण्यापूर्वी सिसप्रेप हे विंडोजचे साधन ‘जनरलाइझ’ पर्यायासह, म्हणजे यंत्राची खास ओळख पुसून, चालवावे, हा नियम तेव्हाही होताच.

खरा उपाय विंडोज नव्याने बसवणे हाच. बाराही संगणक एका दिवसात करायची गरज नाही. आधी मुख्य संगणक करा. त्याचा एसआयडी वेगळा झाला की बाकीचे त्यावर जाऊ लागतील. त्यांची आपापसातली जोडणी मात्र त्यांची पाळी येईपर्यंत अडलेलीच राहील. पुसण्यापूर्वी टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. टॅलीचा परवाना ‘सरेंडर’ करा आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असल्यास रिकव्हरी की लिहून ठेवा. डिजिटल सहीचे टोकन सुरक्षित राहते, त्याचा ड्रायव्हर तेवढा पुन्हा टाकावा लागतो. रिटर्न भरण्याचे दिवस असतील तर मायक्रोसॉफ्टच्या साहाय्य विभागाकडून या अडचणीवरची तात्पुरती ग्रुप पॉलिसी (विंडोजचा नियम बदलणारी सेटिंग) मिळते, तेवढा आधार घ्या. विक्रेत्याकडे हे काम विनामूल्य मागायला संकोच करू नका. नक्कल त्याने केली आहे.

प्रश्न : घरच्या विंडोज ११ प्रो संगणकावर मी रोज पिनने आत जातो. दुसऱ्या लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉप करताना तोच पिन नाकारला जातो. मायक्रोसॉफ्ट खात्याचा नवा पासवर्डही चालत नाही. (ठाणे)

उत्तर : पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. दुसरीकडून टाकला तर तो चुकीचा पासवर्ड ठरतो. नव्या पासवर्डची अडचण वेगळी आहे. तुम्ही तो वेबवर बदलला, पण संगणकावर पिननेच जात राहिलात, म्हणून तिथे जुनाच पासवर्ड साठवलेला आहे.

सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्समध्ये जा. ‘फक्त विंडोज हॅलोनेच (पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा) साइन-इन’ अशा अर्थाचा पर्याय बंद करा. संगणक लॉक करून एकदा नव्या पासवर्डने आत जा. मग लॅपटॉपवरच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून ‘टर्मएसआरव्ही’ने सुरू होणारी जुनी नोंद पुसा. वापरकर्ता म्हणून ‘मायक्रोसॉफ्टअकाउंट’, उलटी तिरपी रेघ आणि पूर्ण ईमेल पत्ता लिहा. मधे जागा सोडू नका.

पुन्हा पुन्हा पासवर्ड मारत बसू नका. २२एच२ पासून नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये दहा चुकांनंतर खाते दहा मिनिटे लॉक होते आणि मग बरोबर पासवर्डही चुकीचा वाटतो. नेमके कारण घरच्या संगणकावरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘सिक्युरिटी’ लॉगमधल्या ४६२५ नोंदीच्या ‘सब स्टेटस’मध्ये असते. शेवटी ६४ असेल तर त्या नावाचे खातेच नाही, ६ए म्हणजे पासवर्ड चुकीचा, २३४ म्हणजे खाते लॉक, ०७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपली.

प्रश्न : सर्व्हर २०१२ आर२ जुन्या डीव्हीडीवरून पुन्हा बसवला. आता लॅपटॉपवर ‘क्रेडएसएसपी एन्क्रिप्शन ओरॅकल रेमेडिएशन’ अशी त्रुटी येते. (नाशिक)

उत्तर : लॅपटॉप ठीक आहे, सर्व्हर मागे राहिला आहे. क्रेडएसएसपी म्हणजे रिमोट डेस्कटॉपमध्ये लॉगिनची माहिती सर्व्हरकडे पोचवणारी पद्धत. तिच्यातल्या सुरक्षा त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१८ मध्ये आली आणि मे २०१८ च्या अपडेटपासून दुरुस्ती नसलेल्या सर्व्हरशी जोडणी नाकारली जाऊ लागली. सर्व्हरसमोर बसून त्याची सर्व अपडेट टाका. समोर बसणे शक्यच नसेल तर लॅपटॉपच्या ग्रुप पॉलिसीत, ‘क्रेडेन्शियल्स डेलिगेशन’खाली, याच नावाचा पर्याय ‘एनेबल्ड’ करून ‘व्हल्नरेबल’ ठेवा, सर्व्हर अपडेट करा आणि त्याच दिवशी पर्याय ‘नॉट कॉन्फिगर्ड’वर परत आणा.