हेल्मेटच्या आत नाक खाजलं तर?

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. त्याने विचारलं की स्पेसवॉक करताना, म्हणजे यानाबाहेर पडून काम करताना, अंतराळवीराचं नाक खाजलं किंवा तहान लागली तर तो काय करतो, आणि हातातला पाना सुटला तर खाली पडतो का? मला काहीच सांगता येईना. (एक वाचक, सातारा)

उत्तर : छान विचारलंय त्याने! नासाच्या सूटमध्ये हेल्मेटच्या आत फोमचा एक छोटा ठोकळा असतो, तो खरं तर कानात दडे बसले की नाक दाबून कान मोकळे करायला दिलेला असतो पण खाज आली की अंतराळवीर नाक त्यावरच घासतात. पाण्याची साधारण एक लिटरची पिशवी छातीपाशी असते, तिची नळी तोंडाजवळ येते. सहा-सात तास टॉयलेटला जाता येत नाही म्हणून डायपर घालूनच बाहेर पडतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही हे मुलाला जरूर सांगा.

पाना खाली पडत नाही, कारण तो, अंतराळवीर आणि अंतराळातलं स्पेस स्टेशन, तिघंही ताशी सुमारे २८,००० किमी वेगाने सोबतच पृथ्वीभोवती फिरत असतात, पण जरा धक्का लागला की हळूहळू लांब जातो आणि मग गेलाच. म्हणून प्रत्येक वस्तू दोरीने अडकवलेली असते. तरी २००८ साली नासाच्या अंतराळवीर हायडेमेरी स्टेफनिशिन-पायपर यांची अख्खी टूलबॅग सुटून गेली, बॅगेत ग्रीस गळलं होतं आणि त्या ते पुसत होत्या.

मला विचाराल तर सगळ्यात कठीण हातमोजे. सूटमध्ये हवेचा दाब आणि बाहेर निर्वात, त्यामुळे मोजा फुगून ताठ होतो, प्रत्येक वेळी मूठ वळताना त्या दाबाशी झगडायचं. याच मोज्यांनी ३० ऑगस्ट २०१२ला सुनीता विल्यम्स आणि जपानचे अंतराळवीर अकिहिको होशिदे आठ तासांहून जास्त वेळ वीज वाटणारं एक मोठं युनिट बसवत होते आणि बोल्ट काही केल्या बसेना, भोकात धातूचा कीस अडकलेला. मग स्टेशनवरच्याच सामानातून जुगाड केला, टूथब्रशचं हत्यार बनवलं, ५ सप्टेंबरला परत बाहेर गेले, भोक साफ केलं आणि बोल्ट बसला!

मुलाला भांडी घासायचे रबरी मोजे एकावर एक दोन जोड्या घालायला द्या आणि नट-बोल्ट आवळायला सांगा, थोड्या वेळात बोटं दुखायला लागतील. खऱ्या मोज्यात तर याहून खूप जास्त जोर लागतो.