घर विकण्याआधी एक हिवाळा

उत्तर अमेरिकेत नोकरी-व्यवसाय करून स्थिरावलेली मराठी माणसे आता मोठ्या संख्येने निवृत्त होत आहेत. दिवाळी सरली, की या सदराकडे एका विशिष्ट विषयाची पत्रे वाढू लागतात: घर आवरून मोटरहोममध्येच, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या वाहनातच, कायमचे राहावे का, आणि हिवाळा दक्षिणेकडे कसा काढावा? त्यांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. माझे वय ६८ असून पत्नी ६३ वर्षांची आहे. न्यू जर्सीतील घर विकून मोटरहोम घ्यावे आणि या डिसेंबरपासून बाराही महिने त्यातच राहावे, असा आम्हा दोघांचा बेत आहे. मुलांना तो पटत नाही. आपले मत स्पष्टपणे कळवावे.

उत्तर: मोटरहोम अवश्य घ्या, पण पहिला हिवाळा घर न विकता काढा, असे माझे मत आहे. थंडी किंवा लांबचा प्रवास झेपणार नाही, अशी भीती मला वाटत नाही; तुमच्या वयाची असंख्य जोडपी ते आनंदाने करतात. माझी काळजी कागदपत्रांची आहे. घर विकले की तुमचा पत्ता जातो, आणि आरोग्यविमा, वाहनपरवाना, करविवरण, बँक, मतदान या सगळ्या गोष्टी त्या पत्त्याला बांधलेल्या असतात.

सर्वांत आधी वहिनींच्या विम्याकडे पाहा. त्यांना मेडिकेअर, म्हणजे ६५ व्या वर्षी मिळणारा सरकारी आरोग्यविमा, मिळायला अजून दोन वर्षे आहेत. मधल्या काळात बाजारातून घेतलेली योजना बहुधा राहत्या राज्याच्याच, किंबहुना राहत्या काउंटीच्या डॉक्टरांपुरती मर्यादित असते, आणि राज्याबाहेर तातडीच्या उपचारांपलीकडे तिचा फारसा उपयोग होत नाही. दक्षिणेकडे, समजा ॲरिझोनात, मुक्काम असताना नियमित तपासण्यांसाठी न्यू जर्सीला परतावे लागणार असेल, तर तो खर्च आणि ती दगदग आताच हिशेबात धरली पाहिजे.

तुमच्या बाबतीत मेडिकेअर कोणत्या प्रकारचे आहे, यावर सगळे ठरेल. मूळ मेडिकेअर ते स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे देशभर चालते. याउलट खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनांना ठरावीक सेवाक्षेत्र असते, आणि सलग सहा महिन्यांहून अधिक काळ त्या क्षेत्राबाहेर राहिल्यास नाव कमी होऊ शकते. ॲडव्हांटेज सोडून मूळ मेडिकेअरकडे वळताना पूरक मेडिगॅप विमा लागतो, आणि सुरुवातीची मुदत टळल्यावर बहुतेक राज्यांत कंपन्या अर्जदाराची प्रकृती पाहून तो नाकारू शकतात. मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्याने म्हणूनच हा बदल करण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा. मोटरहोमचा रंग आणि पडदे ठरवण्याआधी हे काम उरकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बारमाही फिरणारे बरेच जण साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा येथे कायदेशीर वास्तव्य नोंदवतात. या तिन्ही राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्यकर नाही, आणि तेथे टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या सेवा रुळलेल्या आहेत. केवळ टपालाचा पत्ता बदलला म्हणून जुने राज्य हक्क सोडते, असे मात्र नाही. तेथे घर आणि येणे-जाणे कायम असेल, तर करखाते प्रश्न विचारू शकते. यंदा घर ठेवत आहात तर न्यू जर्सीचेच रहिवासी राहा आणि ही उलाढाल पुढच्या वर्षावर टाका. घर बंद करून निघताना पाण्याचा मुख्य कॉक बंद करून नळ रिकामे करावेत आणि विमा कंपनीला लेखी कळवावे, कारण घर दीर्घकाळ रिकामे राहिल्यास अनेक पॉलिसींचे संरक्षण घटते.

मोटरहोम घराप्रमाणे किमतीत वाढत नाही. नवे वाहन विक्रेत्याच्या आवारातून बाहेर पडताच त्याचे मूल्य उतरू लागते. प्रथम भाड्याने घेऊन दोन-तीन आठवडे राहून पाहा, आणि नंतर वापरलेले वाहन पारखून घ्या. पारखताना टायरच्या कडेवरील डीओटी (अमेरिकी परिवहन खाते) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत दिसली, तरी सहा-सात वर्षांपूर्वीच्या टायरवर अवजड वाहन हमरस्त्यावर नेऊ नये. बारमाही राहणार असाल, तर विमाही त्याच प्रकारचा हवा. सुटीपुरत्या वापराच्या पॉलिसीत घरमालकाला मिळणारे दायित्व-संरक्षण, म्हणजे आपल्यामुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई, नसते.

मुलांचे म्हणाल, तर त्यांना विरोधक समजू नका. घर विकत नाही, एक हिवाळा पाहून ठरवतो, असे सांगितलेत तर त्यांची निम्मी काळजी मिटेल.

प्रश्न: आम्ही शिकागोजवळ राहतो. हिवाळ्यात ॲरिझोनाला जावे असे सगळे सांगतात, पण एका ओळखीच्या कुटुंबाला तेथे बर्फ लागला. नेमके कोठे राहावे? खर्च आवाक्यात राहावा, ही इच्छा आहे.

उत्तर: ॲरिझोनात बर्फही आहे आणि कोवळे ऊनही आहे, मुक्काम किती उंचीवर आहे, त्यावर काय वाट्याला येईल ते ठरते. फ्लॅगस्टाफ सुमारे ६,९०० फुटांवर आहे आणि तेथे भरपूर हिमवृष्टी होते, तर क्वार्ट्झसाइट ९०० फुटांच्या आतबाहेर आहे. दर हजार फुटांना तापमान साधारण साडेतीन अंश फॅरनहाइटने उतरते, म्हणजे एकाच राज्यात, एकाच दिवशी वीस अंशांचा फरक सहज पडतो. ग्रँड कॅनियनची दक्षिण कडा वर्षभर खुली असते, पण तीही सुमारे सात हजार फुटांवर आहे. ती पाहायला हवामानाचा अंदाज घेऊन दिवसापुरते जावे आणि मुक्काम खाली ठेवावा.

खर्चाच्या दृष्टीने क्वार्ट्झसाइट आणि युमा यांचा विचार करा. तेथील वाळवंटी जमीन केंद्र सरकारच्या जमीन व्यवस्थापन विभागाकडे आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात तेथे दीर्घ मुक्कामासाठी राखून ठेवलेल्या जागा खुल्या असतात, आणि एका परवान्यावर संपूर्ण हंगाम राहता येते. या परवान्याचे शुल्क बरीच वर्षे १८० डॉलर होते. निघण्यापूर्वी चालू दर तपासून घ्यावा. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेची ला पोसा आणि युमाजवळची इम्पीरियल डॅम या त्यांपैकी दोन जागा आहेत. तेथे पाणी भरण्याची आणि सांडपाणी टाकण्याची सार्वजनिक सोय आहे, पण वाहनापाशी विजेची किंवा नळाची जोडणी नाही. छतावर सौर पॅनेल आणि चांगल्या बॅटऱ्या असतील, तरच तेथे सुखाने राहता येते.

क्वार्ट्झसाइट हे अडीच हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे, पण जानेवारीत मोटरहोमचे प्रदर्शन आणि खनिजांचे बाजार भरले, की वाळवंटात नजर पोहोचेल तेथवर वाहने दिसतात. गावातील हाय जॉली याची कबर मात्र चुकवू नका. हादजी अली हे त्याचे नाव. अमेरिकी लष्कराने १८५६ मध्ये मध्यपूर्वेतून मागवलेल्या उंटांसोबत तो आला, पुढे याच वाळवंटात राहिला आणि १९०२ मध्ये वारला. कबरीवर दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकाला उंटाची आकृती आहे. परक्या मुलखात येऊन तेथलाच झालेला माणूस म्हणून मला त्याच्याविषयी फार आपुलकी वाटते.

दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. क्वार्ट्झसाइटहून रुग्णालयासाठी उत्तरेला सुमारे ३५ मैलांवरील पार्करसारख्या गावी जावे लागते. नियमित उपचार चालू असणाऱ्यांनी युमा, टूसॉन किंवा फिनिक्स यांच्या जवळ राहावे. शिवाय युमापासून थोड्याच अंतरावर सीमेपलीकडे लॉस अल्गोडोनेस हे मेक्सिकोतील गाव आहे. दातांची नेहमीची कामे मूळ मेडिकेअरमध्ये येत नाहीत, म्हणून हजारो निवृत्त लोक कमी खर्चात उपचार करून घेण्यासाठी तेथे जातात. वाहन अलीकडे ठेवून पायी सीमा ओलांडावी. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना ग्रीन कार्डाच्या आधारे मेक्सिकोत व्हिसाविना प्रवेश मिळतो, मात्र पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत.

शिकागोहून निघताना नकाशावरचा सर्वांत जवळचा रस्ता धरू नका. आय-४० हा आंतरराज्य महामार्ग न्यू मेक्सिकोतील आणि उत्तर ॲरिझोनातील उंच पठारावरून जातो. आधी सरळ दक्षिणेकडे उतरून डॅलसवरून आय-२० घ्यावा. तो पश्चिम टेक्सासमध्ये आय-१०ला मिळतो. मैल वाढतात, पण घसरड्या रस्त्याचा धोका बराच कमी होतो. वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी मुक्काम हलवू नये. उंच, सपाट बाजूंच्या वाहनाला बर्फाइतकाच आडवा वारा घातक असतो.

प्रश्न: आम्ही ओहायोत असतो. डिसेंबरमध्ये नातलगांना भेटून जानेवारीत दक्षिणेला जायचे आहे. पाणी गोठू नये आणि रात्री ऊब राहावी, यासाठी काय करावे? गॅसची भीती वाटते.

उत्तर: शक्य असेल तर पाणी न भरताच निघा. नळ आणि टाक्या रिकाम्या करून गुलाबी रंगाचे, मोटरहोमसाठी मिळणारे गोठणरोधक द्रव्य नळांत फिरवून ठेवावे, पिण्याचे पाणी बाटल्यांतून न्यावे आणि दक्षिणेत पोहोचल्यावर टाकी भरावी. मोटारीच्या इंजिनात घालतात ते हिरवे द्रव्य विषारी असते. ते नळांत कदापि घालू नये. पाणी भरूनच राहायचे असेल, तर बाहेरचा पाइप रात्री काढून ठेवावा आणि ओट्याखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे आतली ऊब नळांपर्यंत पोहोचते. सांडपाण्याच्या टाकीची झडप बंदच ठेवावी. ती उघडी राहिली, तर थेंबथेंब पाणी गोठून पाइप तुंबतो, आणि शौचालयाच्या टाकीतून द्रव वाहून जाऊन घन मळ तळाशी साचतो.

उबेसाठी मुख्य आधार प्रोपेनच्या, म्हणजे टाकीतल्या इंधनवायूवर चालणाऱ्या, भट्टीचा. प्रोपेन कडाक्याच्या थंडीतही वायुरूप घेतो, त्यामुळे तो अडत नाही. अडते ती बॅटरी, कारण भट्टीचा पंखा रात्रभर तिच्यावर चालतो. लिथियम बॅटरी असेल, तर ती गोठणबिंदूखाली चार्ज करू नये. तिला उबदार जागा किंवा स्वतःचा हीटर हवा. विजेची जोडणी असलेल्या जागी छोटा विद्युत हीटर वापरता येतो, पण १,५०० वॉटचा हीटर साडेबारा अँपिअर घेतो. जोडणी ३० अँपिअरची असेल, तर दोन हीटर आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालणार नाहीत.

गॅसची भीती रास्त आहे, म्हणून ती नीट समजून घ्या. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती जमिनीलगत साचते. गळती होताच वाजणारा त्याचा सूचक फरशीजवळ लावलेला असतो, त्याच्यापुढे बूट किंवा पिशव्या ठेवू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याचा सूचक झोपण्याच्या जागेजवळ हवा. या सूचकांचे आयुष्य मर्यादित असते. मागे छापलेली तारीख आजच पाहा. शेगडी पेटवून खोली गरम करणे, ही प्राणघातक चूक आहे. छताची खिडकी बोटभर उघडी ठेवल्यास श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ बाहेर जाते. नाहीतर सकाळी काचांवरून पाण्याचे ओघळ येतात आणि गाद्यांखाली बुरशी धरते.

प्रश्न: एवढ्याशा जागेत आपला रोजचा स्वयंपाक जमतो का? की सँडविचवरच दिवस काढायचे?

उत्तर: उत्तम जमतो. कुकर हा मोटरहोममधला सर्वांत मोलाचा जिन्नस आहे, कारण गॅस आणि पाणी दोन्ही वाचतात. डाळ-तांदूळ तासभर आधी भिजवावेत. फोडणी करण्यापूर्वी छताचा पंखा चालू करून समोरची खिडकी थोडी उघडावी. मिरची तडतडली, की धुराचा सूचक ओरडतोच. खरी अडचण भांडी घासताना येते, कारण पाणी पुरले तरी सांडपाण्याची टाकी भरते. ताटे-कढया आधी कागदाने पुसून घ्याव्यात, तेल मोरीत मुळीच सोडू नये आणि तांदूळ धुतलेल्या पाण्याने पहिली विसळणी करावी. मिक्सरला विजेची जोडणी किंवा इन्व्हर्टर लागतो, म्हणून दाण्याचे कूट, भाजणी आणि गोडा मसाला घरूनच करून आणावा. थंडीत दही लागत नाही, अशी तक्रार बऱ्याच जणी करतात. दूध नेहमीपेक्षा किंचित अधिक कोमट घेऊन विरजण लावावे आणि डबा जाड टॉवेलमध्ये गुंडाळून वरच्या कपाटात ठेवावा. ऊब वर साचते, सकाळपर्यंत दही घट्ट होते.

प्रश्न: नाताळच्या सुटीत नातवंडे आमच्याकडे फिनिक्सला येणार आहेत. एक चार वर्षांचे, दुसरे आठ वर्षांचे. त्यांना मोटरहोममधून फिरवता येईल का?

उत्तर: मुक्कामाला आनंदाने ठेवा, पण फिरवण्यापूर्वी आसने तपासा. वाहनात किती जण झोपू शकतात आणि किती जणांना सुरक्षापट्टे आहेत, हे दोन वेगळे आकडे असतात. मुलांचे आसन समोर तोंड असलेल्या, पक्क्या बैठकीवरच बांधावे. जेवणाच्या टेबलाची आडवी किंवा उलट तोंडाची बैठक त्यासाठी चालत नाही, आणि अनेक बैठकांखाली लाकडी सांगाडा असतो, जो अपघातात टिकत नाही. शंका असेल तर मुलांना मागून मोटारीने आणावे.

त्या आठवड्यात जागा मिळणे कठीण असते, म्हणून आरक्षण आताच करा. नातवंडांसोबत राष्ट्रीय उद्याने पाहणार असाल, तर ६२ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना ८० डॉलरमध्ये आजन्म ज्येष्ठ पास मिळतो. जेथे प्रवेशशुल्क वाहनामागे असते, तेथे त्याच पासवर वाहनातील सगळ्यांना प्रवेश मिळतो. पासधारक मात्र स्वतः वाहनात हवा, आणि प्रवेशद्वारावर पाससोबत ओळखपत्र दाखवावे लागते.